आडवा वारा

एफ.ई.ला मेकॅनिक्समध्ये बलाचं विघटन शिकताना 'हे आयुष्यात कुठे लागणार?' असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच. माझ्या मावसबहिणीला ते रोज सकाळी लागतं. ताई पायलट व्हायला शिकतेय, सेसना १७२ वर. धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून २० नॉटचा वारा असेल, तर आडवा भाग १० नॉट. कोन ६० अंश झाला की तोच १७ च्या वर! आणि विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा आकडा आहे १५.

हा १५ म्हणजे विमानाची मर्यादासुद्धा नव्हे. चाचणीत एवढ्या वाऱ्यात विमान नेऊन दाखवलं, इतकंच. नेणारा कसलेला टेस्ट पायलट; आमच्या ताईचे जेमतेम तीस तास झालेत.

लँडिंग अवघड, टेकऑफ सोपा असं आपल्याला वाटतं. ताई म्हणते, "खरी गंमत टेकऑफलाच आहे रे." डावीकडून वारा आला की तो शेपटीला ढकलतो आणि नाक डावीकडे वळतं. पंख्यामुळेही विमान डावीकडेच ओढलं जातं. म्हणून उजवा पाय दाबायचा, हातातलं चाक मात्र डावीकडे, पूर्ण. वेग वाढेल तसं ते हळूहळू कमी करायचं. नवशिका नेमका इथे गडबडतो. चाक लवकर सरळ केलं की वाऱ्याकडचा पंख उचलला जातो, विमान अर्धवट वेगात उडी मारतं आणि तिरकं सरकत पुन्हा आदळतं. लँडिंग गिअर उभा धक्का सोसेल, आडवा कितीसा सोसणार? मग धावपट्टी सोडून थेट गवतात, नाहीतर पंख जमिनीला.

पण गणित आलं म्हणजे झालं असं नाही. ११ एप्रिल १९९६ ला अमेरिकेत शायेनहून सात वर्षांची शिकाऊ जेसिका डब्रॉफ, तिचे वडील आणि प्रशिक्षक वादळी वाऱ्यापावसात निघाले. विमानात वजन जास्त, विमानतळ उंचावर. टेकऑफनंतर लगेच विमान कोसळलं, तिघेही गेले. ठरलेलं वेळापत्रक गाठायची ओढ हेही चौकशीत एक कारण निघालं.

ताईला वेळापत्रक नाही, पण कर्जाचा हप्ता आहे. गेल्या महिन्यात वाऱ्यामुळे लागोपाठ तीन दिवस तिचं उड्डाण रद्द झालं. काकांनी फोनवर विचारलं, "एवढ्याशा वाऱ्याने काय होतंय गं?" ताईने त्यांना आधी साईन म्हणजे काय ते सांगायला घेतलं.