एक्स-रेत न दिसलेली कवळी

त्या रात्री जेवताना बाबांना जोरात ठसका लागला आणि पुढच्या दोन दातांची कवळी नाहीशी झाली. घशात टोचतंय म्हणाले, म्हणून इस्पितळ गाठलं. एक्स-रे काढला, त्यात काहीच नव्हतं! आम्ही निश्चिंत झालो. पण बाबांना थुंकीसुद्धा गिळवेना.

तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी विचारलं, "कवळीला तार होती का?"

आई म्हणाली, "नाही हो, नुसती गुलाबी प्लॅस्टिकची."

"मग दिसणार कशी?" म्हणत त्यांनी दुर्बीण घालून कवळी बाहेर काढली.

नंतर त्यांनी समजावलं. जड मूलद्रव्यं क्ष-किरण अडवतात, म्हणून फोटोत पांढरी उमटतात. हाडातलं कॅल्शियम, दातात भरलेली चांदी, गिळलेलं नाणं चटकन दिसतं. कवळीचं अ‍ॅक्रिलिक मात्र कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजनचं. किरणांना ते मांसासारखंच. कृत्रिम सांधे बसवण्याच्या सिमेंटमध्ये म्हणूनच बेरियम सल्फेटसारखा पदार्थ मुद्दाम मिसळतात.

तेव्हा घरात कुणी काही गिळलं, तर ते कशाचं होतं हे डॉक्टरांना आधी सांगा. फोटोत दिसलं नाही, म्हणजे पोटात नाही असं नव्हे.

बाबांची नवी कवळी करताना आईनं दंतवैद्यांना पहिला प्रश्न विचारला, "ही एक्स-रेत दिसेल ना?"