अडतीस यार्ड

किकरचं काम जेमतेम सव्वा सेकंदाचं. एक जण दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, सात-आठ यार्डांवर गुडघा टेकून बसलेला दुसरा तो झेलून टोकावर उभा करतो, शिवण गोलखांबांकडे वळवतो. तेवढ्यात पाय येतो. बाकी तीन तास किकर मैदानाच्या कडेला नुसता थांबलेला असतो. अमेरिकन फुटबॉलमधली ही जागा मला नेहमीच खेळातली सर्वांत एकाकी जागा वाटत आली आहे, आणि म्हणूनच गॅरी अँडरसन या माणसावर माझा जीव आहे.

१९५९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या पॅरिस नावाच्या छोट्या गावी तो जन्मला, डर्बनमध्ये वाढला. फुटबॉल आणि रग्बी ही तिथल्या पोरांची दौलत. अंडाकृती चेंडूला हेल्मेट घालून लाथ मारायची असते, हे त्याला अमेरिकेत आल्यावर कळलं. सिरॅक्यूज विद्यापीठात तो किकर झाला. १९८२ मध्ये बफेलोच्या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आत काढूनही टाकलं. पिट्सबर्गने उचललं आणि तो तेरा हंगाम तिथेच राहिला. हेल्मेटवर आडवी एकच दांडी, तीही इतरांनी जाळीदार मुखवटे घेतले तरी त्याने सोडली नाही. जुन्या चित्रफितींत त्याचा चेहरा म्हणून उघडा दिसतो. मला तो बघत राहावासा वाटतो. त्या चेहऱ्यावर किकआधी काही हलत नाही.

१९९८ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मिनेसोटाकडून खेळताना त्याने नियमित हंगामात ३५ पैकी ३५ फील्ड गोल मारले आणि टचडाउननंतरच्या ५९ पैकी ५९ किक. एकही चूक नाही. असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. संघानेही सोळापैकी पंधरा सामने जिंकले.

मग १७ जानेवारी १९९९, अटलांटाविरुद्धचा सामना. मिनियापोलिसचं छताखालचं मैदान, म्हणजे वाऱ्याचा प्रश्नच नाही. मिनेसोटा २७-२० असं पुढे, दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ उरलेला. अडतीसेक यार्डांची किक गेली असती, तर अटलांटाच्या हाती काही उरलं नसतं. चेंडू डावीकडून बाहेर गेला. अटलांटाने बरोबरी साधली आणि जादा वेळेत अडतीस यार्डांवरून सामना जिंकला. ती किक मारणारा मॉर्टन अँडरसन डेन्मार्कमध्ये जन्मलेला. आडनाव ऐकायला एकच, दोघेही परदेशातून आलेले, दोघांचीही कारकीर्द १९८२ पासूनची. कुणी कथेत लिहिलं असतं, तर संपादकाने ओढूनताणून आणलंय म्हणून काढून टाकलं असतं.

त्या एका हुकलेल्या चेंडूने मिनेसोटाच्या चाहत्यांच्या मनात गॅरीचं नाव कायमचं त्या दिवसाशी बांधलं. मला हे अन्यायाचं वाटतं. सामना हरायला अख्खा बचाव जबाबदार होता. शेवटच्या दोन मिनिटांत अटलांटाला मैदानभर धावू देणारे अकरा जण होते. पण किकरचा हिशेब सगळ्यांना सहज मांडता येतो. गेला किंवा नाही गेला.

२००० साली त्याने जॉर्ज ब्लँडाचा कारकिर्दीतल्या २,००२ गुणांचा विक्रम मागे टाकला. निवृत्तीपर्यंत गुण २,४३४ आणि फील्ड गोल ५३८ झाले. पुढे २००६ मध्ये ते दोन्ही आकडे मागे टाकले, तेही मॉर्टननेच.

लोक जानेवारी १९९९ सांगतात. मी जानेवारी २००४ सांगतो. गॅरी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता, टेनेसीकडून खेळत होता. प्लेऑफमध्ये बाल्टिमोरविरुद्ध १७-१७ बरोबरी, घड्याळात अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर. अंतर ४६ यार्ड, म्हणजे त्या दिवसापेक्षा आठेक यार्डांनी लांब. तोच उघडा चेहरा, तीच एक दांडी. चेंडू खांबांमधून गेला आणि टेनेसी २०-१७ ने जिंकलं.