माप कमी पडलं तेव्हा

आमच्या सोलापुरात रतिबाचं दूध अजून दारात येतं. २०२५च्या एप्रिलात मात्र दूधवाल्या मावशी दीड लिटरऐवजी लिटरभरच घालू लागल्या. मी दोन-चारदा टोकलं. त्या म्हणाल्या, "वैनी, म्हस धापा टाकतीया. वैरणीला तोंड लावंना. दूध कुठनं देईल ती?"

मला वाटलं, सबब सांगतायत! महिनाअखेर कमी दुधाचे पैसे तर मी कापलेच, पण खाडे केले म्हणून वर आणखी पन्नास रुपये कापले. त्या काही बोलल्या नाहीत.

मे महिन्यात आम्ही कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढला. पहाटे उठून तो शिजवला. सासूबाई म्हणाल्या, "दोन उन्हांत खडखडीत होतील बघ." पण दुपारीच आभाळ फुटलं. मी जिना चढेपर्यंत गच्चीभर लगदा!

सासूबाईंचा हिशेब चुकला नव्हता. मृग लागतो ७-८ जूनला. त्याआधी वाळवणं उरकायची, ही पिढ्यांची रीत. पण त्या साली मोसमी पाऊस २५ मेलाच तळकोकणात उतरला आणि २६ला मुंबईत. एरवी मुंबईत तो ११ जूनच्या सुमारास येतो. कोळसा, पेट्रोल जाळून जाळून हवा तापली आहे. एक अंश तापली, की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. मग कोसळतो तोही धबाधबा.

लगदा भरताना मावशींची आठवण झाली. आपल्याकडची पंढरपुरी म्हैस तशी काटक. पण म्हशीचं अंग काळं, ऊन ओढून घेणारं, आणि घाम गाईपेक्षाही कमी. डुंबायला पाणी नसेल तर तिने काय करावं? माझे चार किलो गहू गेले, तर मी दिवसभर चिडचिडले. त्यांची तर रोजची मिळकत आटली होती, आणि मी वर दंड केला!

दुसऱ्या दिवशी पन्नास रुपये त्यांच्या हातावर ठेवले. "राहू द्या की," म्हणाल्या, पण कनवटीला लावले.

आता कुरडया आम्ही महाशिवरात्र झाली की लगेच घालतो. आणि मैत्रिणींनो, उन्हाळ्यात दूध कमी आलं, तर भांडायच्या आधी म्हशीची चौकशी करा.