शंखी गोगलगाय : औषधाआधी पोतं टाका



सोयाबीनचे कोंब वर आले की आमच्या मराठवाड्यात आता पावसाच्या खंडाइतकीच धास्ती शंखी गोगलगायीची असते. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत हिनं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. रातोरात तासंच्या तासं साफ. कैकांना दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून पाऊस पडला की फोन सुरू होतात, "कोणतं औषध टाकू?" मी म्हणतो, आधी पोतं टाका.

ही मूळची आफ्रिकेची. एकाच गोगलगायीत नर-मादी दोन्ही असतात, म्हणून प्रत्येक गोगलगाय अंडी घालते, एका खेपेला शंभराच्या वर. अंडी साबुदाण्यासारखी, भुसभुशीत ओल्या मातीत, बांधाच्या कडेला सापडतात. उन्हाळाभर ती शंखाचं तोंड बंद करून जमिनीत पडून राहते आणि पहिल्या चांगल्या पावसाला बाहेर निघते. म्हणजे पहिल्या पावसात उचललेली एक मोठी गोगलगाय ही पुढची शंभर उचलल्यासारखीच. श्रावणात उचलायला गेलात तर पिल्लं मोजता येत नाहीत.

माझी पद्धत साधी आहे. दहा लिटर पाण्यात किलोभर गूळ विरघळवायचा, त्यात बारदानाची जुनी पोती भिजवायची. दिवस मावळताना बांधाच्या आतल्या अंगानं दहा-बारा पावलांवर एकेक पसरायचं. गोगलगाय रात्री चरते आणि ऊन लागायच्या आत आडोसा शोधते. सकाळी लवकर पोतं उलटं केलं की खाली चिकटलेल्या सापडतात. पपईची, कोबीची पानं टाकली तरी जमतात.

उघड्या हातानं धरू नका. हिच्या अंगात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. बादलीत मिठाचं कडक पाणी किंवा साबणाचं पाणी ठेवा, त्यात टाका. मेल्यावर खड्ड्यात पुरून वर चुना टाका. ते मिठाचं पाणी रानात ओतू नका, आणि पिकात मीठ तर अजिबात फेकू नका. जमीन खराब होते.

बांधाकडेनं चार बोटं रुंद चुन्याची पट्टी मारली तर ती ओलांडायला गोगलगाय कचरते. पण पावसानं चुना भिजला की उपयोग संपला, परत टाकावा लागतो. तणकट, दगडांचे ढीग, कुजका काडीकचरा ही हिची घरं. ती पेरणीआधीच मोडा.

मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, गोगलगायी मरतात, खोटं बोलत नाही. पण बांधावर ढोरं चरतात, कुत्री फिरतात, कोंबड्या टिपतात. कुत्र्यानं त्या गोळ्या खाल्ल्या तर वाचणं अवघड. शिवाय गोळ्या टाकल्या तरी मेलेल्या वेचाव्या लागतातच. मग आधीच वेचलेल्या काय वाईट?

मेहनत आहे. दोन एकराला दोन माणसांचा सकाळचा तासभर जातो, तोही पेरणीपासून वीस-पंचवीस दिवस रोज. एकदा झाड मोठं झालं की त्याला पानं खाल्लेली सोसतात. कोवळा कोंब कापला गेला तर मात्र ते झाड गेलंच.

आणि खरी अडचण पुढंच आहे. गोगलगाय सातबारा बघत नाही. मी माझं रान वेचलं आणि शेजारचं पडीक, ओढ्याचा काठ तसाच राहिला, तर आठ दिवसांत परत तेवढ्याच. आम्ही सलग आठ बांधकरी एकाच संध्याकाळी पोती टाकतो. पडीकाचा मालक पुण्यात असतो, त्याचं रान वाटून घेतलंय. पहिल्या आठवड्यात बादल्या भरतात, तिसऱ्या आठवड्यात पोत्याखाली दोन-चार निघतात.

तेव्हा पेरणीच्या आधी कृषी दुकानात जायच्या अगोदर शेजाऱ्याच्या बांधावर जा. भांडण असलं तरी जा. पोती जुनी चालतात.