बांधणाऱ्याने वापरूनही पाहावं

डेव्हऑप्सच्या नोकरीत काही वर्षं गेली की एक प्रश्न हमखास समोर येतो. आपण कोड लिहायचा, की इतरांचा कोड सुरळीत चालावा म्हणून पाइपलाइन, सर्व्हर आणि क्लस्टर सांभाळायचे? पहिलं काम डेव्हलपमेंटचं. दुसऱ्याला अलीकडे प्लॅटफॉर्म इंजिनिअरिंग म्हणतात. मुलाखतीतही विचारतात, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे? यातली एकच बाजू निवडणं मला पटत नाही. का पटत नाही, ते मी राहतो त्या नागपूरच्या कळमन्यात रोज डोळ्यांसमोर असतं.

संत्र्याच्या हंगामात इथल्या बाजारात गाड्यांची रांग लागते. काटोल-नरखेडकडचा माल उतरतो, ढिगाभोवती व्यापारी जमतात आणि बोली टनावर चढत जाते. बाजार समिती स्वतः एकही संत्रं विकत नाही. जागा, काटा, लिलावाची शिस्त, अडत्या-हमाल-मापाऱ्यांचे परवाने, चुकाऱ्याचे नियम एवढं तिने पाहायचं. बाजार समित्यांच्या १९६३च्या कायद्यामागचा विचारच तो होता: बाग जपणाऱ्याला वजनाची आणि पैशाची चिंता एकट्याने वाहावी लागू नये. आमच्या क्षेत्रातल्या प्लॅटफॉर्मचं कामही नेमकं हेच. मात्र उन्हात थांबलेल्या फळाचा तजेला जातो आणि त्याबरोबर भाव उतरतो, हे ज्याने जवळून पाहिलंय त्यालाच लिलावाची वेळ नीट ठरवता येते.

आमच्या क्षेत्रात प्लॅटफॉर्मचा विचार उलट्या वाटेने आला. ज्याने सॉफ्टवेअर बनवलं त्यानेच ते चालवावं, असं ॲमेझॉनचे वर्नर व्होगल्स २००६मध्ये सांगत होते. २००९मध्ये पॅट्रिक डेबवा यांनी बेल्जियममधल्या गेंट शहरात पहिली डेव्हऑप्सडेज परिषद भरवली आणि डेव्हलपर व ऑपरेशन्स यांच्यातली भिंत पाडायची भाषा सुरू झाली. पुढे सॉफ्टवेअर चालवण्याची नवी साधनं आली: २०१३मध्ये डॉकर, २०१४मध्ये कुबरनेटीस आणि टेराफॉर्म. साधी सेवा चालवायची तरी डेव्हलपरला ढीगभर गोष्टी शिकाव्या लागू लागल्या. हा भार हलका करायला प्लॅटफॉर्म टीम हवी, हे मॅथ्यू स्केल्टन आणि मॅन्युएल पाइस यांनी २०१९च्या ‘टीम टोपॉलॉजीज’मध्ये नीट मांडलं. विचार चांगलाच आहे. पण प्लॅटफॉर्मवाले आपल्या खोलीत आणि डेव्हलपर आपल्या खोलीत बसले, की पाडलेली भिंत नव्या विटांनी पुन्हा उभी राहते.

सर्व्हिस वारंवार बंद पडते, अशी तक्रार एकदा आमच्याकडे आली. डेव्हलपर म्हणत होते, क्लस्टर बिघडलंय. क्लस्टर पाहणारे म्हणत होते, कोडमध्ये खोट आहे. सर्व्हिस जिवंत आहे का, हे कुबरनेटीस ठरावीक वेळाने विचारतं आणि उत्तर येईनासं झालं की कंटेनर नव्याने सुरू करतं. या सर्व्हिसचं उत्तर देणारा कोड मात्र दरवेळी डेटाबेसला विचारून मग हो म्हणायचा. डेटाबेस जरा मंदावला की उत्तर अडायचं आणि सगळे कंटेनर एकदमच नव्याने सुरू व्हायचे. उठल्या उठल्या ते डेटाबेसवर तुटून पडायचे, आणि आधीच दमलेला डेटाबेस आणखी बसायचा. शेवटी ‘मी जिवंत आहे’ आणि ‘मी काम घ्यायला तयार आहे’ ही उत्तरं वेगळी केली आणि जिवंतपणाच्या तपासणीतून डेटाबेस काढून टाकला. बदल थोड्याच ओळींचा होता. त्या ओळी सापडायला मात्र कोड आणि क्लस्टर एकाच डोक्यात असावे लागले.

सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीचा अभ्यास करणाऱ्या २०२४च्या डोरा अहवालातले आकडे म्हणूनच मला महत्त्वाचे वाटतात. अंतर्गत प्लॅटफॉर्म वापरणाऱ्यांची वैयक्तिक उत्पादकता ८ टक्के आणि टीमची कामगिरी १० टक्के चांगली दिसली. त्याच वेळी बदल वापरकर्त्यांपर्यंत पोचवण्याचा वेग ८ टक्क्यांनी आणि बदलांची स्थिरता १४ टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे प्लॅटफॉर्म उभा केला की झालं, असं नाही. तो कोणासाठी आहे आणि त्यांचं कुठे अडतं, याची जाण त्यात सतत ओतावी लागते.

मग तोल सांभाळायचा कसा? एसआरई, म्हणजे साइट रिलायबिलिटी इंजिनिअरचा निम्म्याहून जास्त वेळ रोजच्या धावपळीत जाऊ नये, अशी मर्यादा गूगलने घालून दिली. उरलेला वेळ कोड लिहून ती धावपळ कमी करायला. ही मर्यादा मला मोलाची वाटते, कारण तक्रारींच्या तिकिटांचा ढीग उपसता उपसता चांगल्या इंजिनिअरचा कोडवरचा हात जातो. पण घड्याळाची वाटणी पुरेशी नसते. मी आपल्याच प्लॅटफॉर्मवर एक छोटी सर्व्हिस कायम चालती ठेवतो. नव्या माणसाला दिलेली कागदपत्रं वाचूनच तिच्यात बदल करतो. जिथे मी अडखळतो, तिथे बाकीचेही अडखळत असणार, हे धरून चालतो. तेच तिकीट पुन्हा पुन्हा आलं की त्यावर कोडचा उपाय शोधतो.

परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये नव्याने लागणाऱ्या पोरापोरींना माझं हेच सांगणं असतं. साधनं बदलत राहतील, पदांची नावंही बदलतील. वर्षातून निदान एक काम असं मागून घ्या, ज्यात कोड तुमचा असेल आणि तो मध्यरात्री बंद पडला तर फोनही तुम्हालाच येईल. दुसऱ्याची अडचण आपल्या अंगावर घेतलेला इंजिनिअर कुठल्याही टीममध्ये बसला तरी माणसांच्या उपयोगाचं काहीतरी उभं करतो.