कुद्रेमुख

सह्याद्रीची रांग महाराष्ट्र व गोवा मागे टाकून कर्नाटकात शिरते. तेथे चिकमंगळूर जिल्ह्यात कुद्रेमुख नावाचे शिखर आहे. कन्नड भाषेत ‘कुदुरे’ म्हणजे घोडा. एका बाजूने पाहिले असता शिखराचा आकार घोड्याच्या मुखासारखा दिसतो, म्हणून हे नाव.

येथील डोंगरमाथे गवताने झाकलेले असतात आणि घळींतून बुटक्या वृक्षांची दाट राई दडलेली असते. तिला ‘शोला’ म्हणतात. खालच्या उंच अरण्यात सिंहपुच्छ वानर राहतो. आयाळीमुळे रुबाबदार दिसणारा हा प्राणी झाडावरून क्वचितच खाली उतरतो. समुद्रावरून आलेले ढग या डोंगरांना अडतात व अपार पाऊस कोसळतो. पण ते सारे पाणी एकदम वाहून जात नाही. गवताची मुळे आणि कुजलेल्या पानांचा थर ते शोषून घेतात व उन्हाळाभर थोडेथोडे सोडीत राहतात. तुंगा, भद्रा व नेत्रावती यांचा उगम याच डोंगरांत होतो. नेत्रावती पश्चिमेस समुद्राला मिळते. तुंगा-भद्रा एकत्र होऊन, महाबळेश्वरी जन्मलेल्या कृष्णेला जाऊन भेटतात.

परंतु याच गवताखाली लोखंड होते! १९७६ साली ते काढण्यासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली. माल इराणला जावयाचा होता. १९७९ मध्ये तेथे क्रांती झाली आणि गिऱ्हाईकच नाहीसे झाले. तरीही खाण चालू झाली. दगड दळून, पाण्यात कालवून, तो काला सुमारे ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळूरच्या बंदराकडे जाई. युक्ती खरोखर नामी होती. उरलेला गाळ लक्या नावाच्या धरणामागे साठविला जाई. मात्र उघड्या पडलेल्या उतारांवरची माती पावसाळ्यात थेट भद्रेत उतरे आणि नदी तांबडी होई.

१९८७ साली हे अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले, तरी खाण थांबली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००२ मध्ये निकाल लागला व २००५ च्या अखेरीस खाणकाम बंद पडले. डोंगर वाचला, हे उचितच झाले. पण ज्यांची चूल त्या खाणीवर पेटत होती, अशा कित्येक कुटुंबांना वसाहत सोडून जावे लागले, हेही विसरता येत नाही.

खोदलेल्या डोंगराच्या पायऱ्या अजून दिसतात. लक्या धरणामागचा गाळ तेथेच आहे, आणि पाऊस दरवर्षी पूर्वीसारखाच कोसळतो.