टाचेचा काटा

घोड्याच्या पाठीवर माशी बसलेली तुम्ही कधी पाहिली आहे काय? माशीचे वजन ते किती! परंतु ती बसते न बसते तोच तेथली कातडी थरथरते आणि माशी उडून जाते. घोड्याच्या कातडीखाली एक पातळ स्नायू पसरलेला असतो. त्याच्या योगाने त्याला नेमका तेवढाच भाग हलविता येतो. ज्याला माशीचा पाय कळतो, त्याला स्वाराच्या टाचेवरचा लोखंडी काटा किती कळत असेल!

हा काटा म्हणजे काय, ते आधी सांगतो. बुटाच्या टाचेला मागून कवटाळणारी लोखंडाची एक कमान असते. ती कातड्याच्या पट्ट्याने पायावर बांधतात. कमानीच्या मध्यातून बोटाच्या पेराएवढा दांडा मागे निघालेला असतो. त्याचे टोक कधी बोथट असते, तर कधी त्यावर लहानशी चक्री फिरते. इंग्रजीत त्याला ‘स्पर’ म्हणतात. बैल हाकणाऱ्याच्या पराणीला जी आर असते, तिचाच हा भाऊबंद असे प्रथमदर्शनी वाटते. आणि पुष्कळ लोक तो तसाच वापरतात. चित्रपटांतील स्वार तर घोड्यावर बसल्याबरोबर दोन्ही टाचा मारून धूळ उडवीत निघून जातो. मला ते दृश्य पाहवत नाही. याला कारण आमच्या गावचे दफेदार.

घोडदळातून निवृत्त होऊन ते खानदेशात, तापीकाठच्या आमच्या गावी येऊन राहिले होते. मी तेव्हा तुमच्याएवढा होतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथून गावातील एका बागाईतदाराने एक कुमाईत घोडी विकत आणली. चालीला ती फार सुरेख होती. पण तिच्या दोन्ही कुशींवर केस न उगवलेले चट्टे होते. आधीच्या कोणा स्वाराने तीक्ष्ण काट्यांनी त्या फोडल्या होत्या. माणसाचा पाय जवळ आला की ती कान मागे पाडी, शेपटी फटकारी आणि मागच्या पायांवर उभी राही. दोन गडी तिने खाली टाकले.

मालक दफेदारांना म्हणाले, “होळीपर्यंत ही वळणावर आली तर ठेवीन. नाही तर येईल त्या किमतीला देऊन टाकीन.” आणि त्यांनी नव्या काट्यांची एक जोडी पुढे केली. दफेदारांनी ती मुकाट्याने खिशात घातली व एवढेच विचारले, “तोवर तिच्यावर दुसरे कोणी बसणार नाही ना?”

महिना उलटला तरी ते काटे खिशातून बाहेर आले नाहीत. दफेदार रोज पहाटे तिला खरारा करीत आणि हात हळूहळू कुशीकडे नेत. ती थरथरली की हात तेथेच ठेवीत. शांत झाली की काढून घेत. पुढे त्यांनी तिच्यावर खोगीर चढविले. पोटरीने तंगाच्या किंचित मागे हलकेच दाबायचे, आणि घोडी पाऊलभर पुढे सरकली की त्याच क्षणी पाय सैल सोडायचा, एवढाच त्यांचा पाठ. दाब थांबला, हेच तिचे बक्षीस. शिवाय ते स्वतः रिकिबी सोडून तासन् तास दुडकी चालीने फिरत. स्वाराचा पाय लोंबकळत असेल तर प्रत्येक पावलाला काटा टोचतो, आणि काय सांगितले नि काय नुसते लागले, हे घोड्याला कळेनासे होते.

मी एकदा विचारले, “आबा, पायाने सांगितलेले तिला कळते, तर मग काटा हवाच कशाला?”

“फळ्यावरचे अक्षर गुरुजी तळहाताने दाखवितात की बोटाने?” ते म्हणाले. “पोटरी म्हणजे तळहात. काटा म्हणजे बोट.”

मालकांनी दिलेल्या काट्यांची टोके त्यांनी कानशीने घासून वाटाण्यासारखी गोल केली. मग एक काटा माझ्या मनगटावर दाबून विचारले, “दुखले?” दुखले नव्हते, नुसते लागले होते. पहिले तीन दिवस काटे पायांत होते, पण घोडीला त्यांचा स्पर्शही झाला नाही. चढताना पाय पलीकडे टाकावा लागतो, तेव्हा पुठ्ठ्यावर काटा घासू नये म्हणून ते गुडघा कितीतरी उंच घेत. चौथ्या दिवशी त्यांनी आधी पोटरी दाबली आणि मग टाच किंचित आत वळविली. घोडी थबकली. कान मागे गेले. आम्ही पोरे कुंपणापासून मागे सरलो. दफेदार मात्र हलले नाहीत. पाय सैल सोडून ते तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिले. एक कान पुढे आला. त्यांनी पुन्हा तसेच केले, आणि ती शांतपणे पुढे चालू लागली. दहा पावले झाली असतील नसतील, तोच ते खाली उतरले आणि त्यांनी खोगीर काढले. त्या दिवसाचे काम संपले होते.

पुढे कॉलेजात असताना झेनोफन या ग्रीक सेनानीच्या ग्रंथाची माहिती माझ्या वाचनात आली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्याने अश्वारोहणावर लिहिले आहे. घोड्याजवळ रागाने जाऊ नये, असे तो बजावतो. चाबूक नि काटा यांच्या धाकाने नाचविलेल्या माणसाच्या नाचात शोभा नसते, तशीच घोड्याची गोष्ट, असेही त्यात आहे. आमच्या दफेदारांनी हे नाव खचित ऐकले नसावे. आपल्याकडे मुक्या जनावरांना विनाकारण यातना देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. तथापि कायद्याचा शिपाई प्रत्येक पागेत उभा नसतो.

होळीच्या आदल्या दिवशी मालक आले. घोडी उभी राहिली, चालली, आडवी पावलेही टाकू लागली. मालक इतके खूष झाले की त्यांनी लगेच काटे मागितले.

“घोडी तयार आहे, मालक,” दफेदार म्हणाले, “पण तुमचा पाय अजून हलतो.”

काटे खिशातच राहिले. मालक रागावतील असे आम्हांला वाटले होते. ते हसले. मृगाचा पाऊस पडेपर्यंत ते रोज सकाळी रिकिबींवाचून त्याच घोडीवर खळ्याला फेऱ्या घालीत, आणि त्यांचा पाय हलला की कुंपणावर बसलेली आम्ही पोरे ओरडून तसे सांगत असू.